पाण्याचे करारनामे आणि सांडपाण्याची वाट

तमिळनाडू आणि आंध्र प्रदेश यांच्यामधील सरहद्द आज नकाशावर जेथे दिसते तेथे ती आखण्याचे काम एका मराठी विधिज्ञाने केले आहे, ही गोष्ट पाटसकरांचे नाव बेळगावच्या संदर्भात आपल्याकडे नित्य घेतले जात असूनही फारशी कोणाच्या ध्यानी येत नाही. केंद्रीय मंत्रिमंडळात विधिखाते सांभाळलेले आणि हिंदू विवाहविषयक व वारसाविषयक कायदे संसदेतून पार पाडण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते हरि विनायक पाटसकर त्या दोन राज्यांमधले मध्यस्थ नेमले गेले. खेडे हा घटक, रहिवाशांचे भाषिक बहुमत आणि भूभागाची सलगता या कसोट्या लावून त्यांनी वादग्रस्त तालुक्यांचा जो निवाडा दिला, त्यावरून १९५९ साली संसदेने कायदा केला आणि १ एप्रिल १९६० पासून तो अमलात आला. तिरुत्तणी मद्रासकडे आली, काही तेलुगू गावे पलीकडे गेली, आणि दोन्हीकडच्या मंडळींना थोडेसे दुःख आणि थोडेसे समाधान यांचा सारखाच वाटा मिळाला, जे कोणत्याही चांगल्या निवाड्याचे लक्षण मानावयास हरकत नाही. पुढे म्हैसूर राज्याशी चाललेल्या आपल्या वादात महाराष्ट्राने हीच कसोटी तत्त्व म्हणून पुढे केली, आणि तो वाद अद्याप कोर्टाच्या दप्तरात आहे.

या निवाड्यात प्रत्येक खेड्याची भाषा विचारली गेली. त्या खेड्याचा उतार कोणत्या दिशेला आहे, हे कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही त्या वेळी नव्हते. आरणियार नदी चित्तूरच्या डोंगरांत उगम पावते, पिच्चाटूरच्या धरणात काही काळ अडते आणि मग त्या सरहद्दीखालून तमिळ मुलखात उतरते. नगरी नावाची दुसरी एक नदी नगरी गावाच्या यंत्रमागांजवळून वाहत येऊन कोसस्थलैयारला मिळते, आणि ते पाणी चेन्नई शहराच्या पूंडी जलाशयाकडे जाते. शेजाऱ्याशी आपले कितीही वैर असो, त्याच्या मोरीचे पाणी आपल्या अंगणात येणार की आपले त्याच्या, हे ठरविणारा अधिकारी जमिनीचा चढ-उतार हाच आहे, आणि त्याच्याकडे अपील चालत नाही. या प्रकरणात जे सांगावयाचे आहे ते एवढेच, की भारतातील भांडखोर शेजाऱ्यांनी स्वच्छ पाण्याच्या वाटणीसाठी करारनामे केले, लवाद बसविले, ठरावीक आकडे कोरून ठेवले. परंतु तेच पाणी वापरून घाण झाल्यावर पुढे कोठे जाते याची जबाबदारी, एकदोन चमत्कारिक अपवाद सोडल्यास, कोणत्याही करारनाम्यात कोणी नीट घेतलेली नाही. चेन्नई शहर या दोन्ही गोष्टींचा उत्तम दाखला आहे.

त्यातली पहिली गोष्ट आधी पाहू. मद्रास शहर कोणाचे या प्रश्नावर तेलुगू आणि तमिळ समाजांत १९५० च्या सुमारास किती कडवटपणा आला होता याची कल्पना आजच्या वाचकाला सहज यावयाची नाही. स्वतंत्र आंध्रासाठी पोट्टी श्रीरामुलूंनी मद्रास शहरातच उपोषण आरंभिले आणि ५८ दिवसांनंतर, १५ डिसेंबर १९५२ रोजी, त्याच शहरात त्यांचे देहावसान झाले. पुढल्या वर्षी १ ऑक्टोबरला आंध्र राज्य निघाले, पण मद्रास त्यांना मिळाले नाही. ज्या शहरासाठी एका भाषेच्या माणसाने प्राण दिले आणि दुसऱ्या भाषेच्या माणसांनी ते हातचे जाऊ दिले नाही, त्याच शहराची तहान भागविण्यासाठी त्याच दोन राज्यांनी पंचवीस-तीस वर्षांनी एक कालवा खोदला, ही आपल्या प्रजासत्ताकाच्या इतिहासातील एक सुखद विसंगती होय.

त्या कालव्याची कथा आपल्या सह्याद्रीत सुरू होते. कृष्णेच्या खोऱ्यातील पाण्याची वाटणी करण्यासाठी १९६९ साली बच्छावत लवाद नेमला गेला. त्याने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० अब्ज घनफूट असा हिस्सा ठरविला. तमिळनाडू कृष्णेच्या खोऱ्यात येतच नाही, म्हणजे हक्काने त्याला एक थेंबही मिळण्याजोगा नव्हता. तरीही एप्रिल १९७६ मध्ये, लवादाच्या अंतिम निर्णयाची शाई वाळण्याच्या सुमारास, ही तिन्ही राज्ये प्रत्येकी पाच अब्ज घनफूट, एकूण पंधरा, मद्रास शहराच्या पिण्यासाठी सोडावयास तयार झाली. बेळगाववरून आपले कर्नाटकाशी बोलणे बंद, अलमट्टीवरून आंध्राचे कर्नाटकाशी भांडण पुढे पेटावयाचे, आणि आंध्र-तमिळनाडूमधले जुने शल्य तसेच. अशा चौघांनी एका कागदावर सह्या केल्या. इंदिरा गांधींचा दाब त्यामागे होता, हे खरे. पण दाबाने सह्या मिळतात, कालवे मिळत नाहीत. कालव्यासाठी पुढे १९८३ च्या एप्रिलात एन. टी. रामाराव आणि एम. जी. रामचंद्रन यांना स्वतंत्र करार करावा लागला. दोघेही आयुष्यभर चित्रपटांत तारणहाराच्या आणि वीरपुरुषाच्या भूमिका केलेले नट, आणि दोघांनाही लोकांसमोर पाणी आणून दाखविण्याचे महत्त्व पक्के ठाऊक; हे नट नसते तर तो करार झालाच नसता, असे मला नेहमी वाटते. योजनेला तेलुगू गंगा असे नाव मिळाले.

श्रीशैलमच्या जलाशयातून पोतिरेड्डीपाडूच्या दरवाजाने पाणी निघते, वेलुगोडूवरून पेन्ना नदीवरील सोमशिला धरणात येते, तेथून कंडलेरू जलाशयात, आणि कंडलेरूपासून सुमारे १५२ किलोमीटर आंध्रातून व आणखी २५ किलोमीटर तमिळनाडूतून वाहून पूंडीला पोचते. पाटसकरांच्या रेषेवर ऊत्तुकोट्टैजवळ ज्या ठिकाणी कालवा राज्य बदलतो, त्याला तेथील माणसे ‘झीरो पॉइंट’ म्हणतात. पाणी मोजावयाचे ते तेथे, आणि रोजचा आकडा दोन्ही राज्यांच्या दप्तरात रुजू होतो. पंधरातले तीन अब्ज घनफूट वाटेत मुरणार व वाफ होणार असे गृहीत धरून बाराच पोचवावयाचे ठरले, त्यांतले आठ पावसाळ्याच्या सुमारास आणि चार जानेवारीनंतर. पाणी प्रथम पोचले १९९६ साली. त्यानंतर बहुतेक वर्षी ठरल्याहून पुष्कळ कमी पोचत आले आहे. आंध्रातील शेतकरी वाटेत पंप लावतात, आणि डोळ्यांसमोरून वाहणारे पाणी पिकाला न देता दूरच्या शहराला सोडून द्यावे हा उपदेश त्यांना कोणत्या तोंडाने करावा, हे मलाही कळत नाही. कालव्याच्या मातीच्या काठांतून झिरपणारे पाणी वाचावे म्हणून २००२ ते २००४ या काळात पुट्टपर्तीच्या सत्य साईबाबांच्या न्यासाने बराच भाग नव्याने बांधून अस्तरित करून दिला, म्हणजे दोन सरकारांनी अर्धवट सोडलेले काम एका संन्याशाच्या पैशाने पुरे झाले.

आता थोडे गणित करू, कारण पाण्याच्या चर्चेत भावना पुष्कळ आणि त्रैराशिक थोडे असा प्रकार होतो. एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. बारा अब्ज घनफूट पाणी वर्षभरात समान वाटून दिले, तर दररोज सुमारे ९३ कोटी लिटर, अभियंत्यांच्या भाषेत ९३० दशलक्ष लिटर, एवढे होते. शहराला दिलेल्या पाण्यापैकी साधारण ऐंशी टक्के पाणी मोरीतून परत निघते, हा आपल्याकडील नगररचनेचा सर्वमान्य अंदाज. म्हणजे कृष्णेचा करार अक्षरशः पाळला गेला असता, तर त्या एकट्या कालव्यातून रोज सुमारे ७४५ दशलक्ष लिटर सांडपाणी चेन्नईत जन्मले असते. आणि कोडुंगैयूर, कोयंबेडू, नेसपाक्कम आणि पेरुंगुडी या चार ठिकाणी शहराने कित्येक वर्षे जी सांडपाणी शुद्ध करण्याची यंत्रणा राखली, तिची एकूण शक्ती ७२७ दशलक्ष लिटर होती. चोलावरम, रेडहिल्स, चेंबरंबाक्कम, वीराणम, विहिरी, समुद्राचे गोडे केलेले पाणी, या शहराच्या इतर स्रोतांतले काहीच या हिशेबात धरलेले नाही.

बच्छावत लवादाच्या निर्णयात हा ऐंशी टक्क्यांचा आकडा अगदी वेगळ्या वेषात बसलेला आहे, आणि मला तरी त्या जाडजूड दस्तऐवजातील सर्वांत रोचक कलम तेच वाटते. कोणत्या राज्याने किती पाणी ‘वापरले’ हे मोजताना, शेतीसाठी उचललेले पाणी पूर्णच्या पूर्ण वापरले असे धरावे. परंतु घरगुती व नगरपालिकांच्या पुरवठ्यासाठी उचललेल्या पाण्यापैकी फक्त वीस टक्के आणि कारखान्यांसाठी उचललेल्यापैकी फक्त अडीच टक्के वापरले असे धरावे, असा नियम तेथे घातला आहे. उरलेले कोठे जाते? नदीला परत जाते, असे कायदा मानतो. म्हणजे मोरीचे पाणी हे कायद्याच्या नजरेत पाणीच आहे. नदीकडून उसने घेतलेल्या शंभरांपैकी ऐंशी परत केल्याची ती पावती आहे. परत केलेल्या पैशांत खोटी नाणी किती, याचा उल्लेख नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीच्या जलाशयात जाते व सोलापूरकरांच्या वाट्याला येते. कोल्हापूरचा जयंती नाला पंचगंगेत, पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, आणि कृष्णा थोड्याच अंतरावर कर्नाटकात. महाराष्ट्राने मद्रासला जे पाच अब्ज घनफूट ‘दिले’, ते कोणी घागर भरून वेगळे काढून दिलेले नाही. ते न अडविता खाली वाहू दिले, आणि त्याबरोबर आपल्या शहरांच्या मोऱ्याही वाहू दिल्या. शेकडो किलोमीटरच्या प्रवाहात, श्रीशैलमच्या अफाट जलाशयात आणि सूर्यप्रकाशात त्यांतले पुष्कळसे विरून जाते, म्हणून चेन्नईकरांना त्याचा वास येत नाही. वास येतो तो जवळच्या खालच्या शेजाऱ्याला.

चेन्नईच्या बाबतीत उताराचे दुर्दैव दुहेरी आहे, कारण तेथे उतारच नाही. समुद्रसपाटीपासून थोड्याशाच उंचीवर पसरलेल्या त्या सपाट शहरात घाण पाणी आपल्या पायांनी कोठे जात नाही. त्याला पंपांनी उचलून एका विहिरीतून दुसरीत आणि मग दूरच्या केंद्रात न्यावे लागते, आणि वीज गेली वा नळ फुटला की ते सर्वांत जवळच्या नदीत शिरते. कूवम आणि अड्यार या दोन नद्या त्यासाठी हाताशीच आहेत. कूवमच्या मुखाची आणखी एक विटंबना माणसाने केली. १८७६ पासून मद्रास बंदराचे बांध समुद्रात शिरू लागले, किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारी वाळू बंदराच्या दक्षिण बाजूस अडू लागली, आणि त्यातून जगप्रसिद्ध मरीना पुळण विस्तारली. त्याच वाळूने नेपियर पुलाजवळचे कूवमचे तोंड वारंवार बुजविले, बंदराच्या उत्तरेस रायपुरम् बाजूचा किनारा मात्र समुद्राने खाल्ला. भरती-ओहोटीने नदी रोज दोनदा धुतली जाण्याची जी नैसर्गिक सोय होती ती गेली. १९६७ नंतर द्रविड मुन्नेत्र कळघमच्या सरकारने कूवम सुधारण्याची योजना हाती घेतली आणि नदीत नावाही सोडल्या. नावा गेल्या, मैला राहिला.

बकिंगहॅम कालव्याची अवस्था यापेक्षा बोधप्रद आहे, कारण तो एके काळी खराखुरा आंतरराज्य मार्ग होता. आंध्राच्या किनाऱ्यापासून मद्रासच्या पुढे दक्षिणेपर्यंत चारशेहून अधिक किलोमीटर लांबीचा हा खाऱ्या पाण्याचा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तुकड्यातुकड्यांनी वाढत गेला. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात उपाशी मजुरांकडून अड्यार आणि कूवम यांना जोडणारा भाग खोदवून घेतला गेला, आणि गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅमचे नाव त्याला मिळाले. तेलुगू मुलखातला माल नावांनी थेट मद्रासच्या पोटात येत असे. पुढे रेल्वेने त्याचे महत्त्व घटविले, भाषेने त्याचे दोन तुकडे केले, आणि शहराच्या हद्दीत तो उघडे गटार झाला. अखेर त्याच्याच पात्रात खांब रोवून शहराची उन्नत रेल्वे बांधण्यात आली.

चेन्नई स्वतः खालच्या टोकाला असल्यामुळे तिची घाण दुसऱ्या राज्यात जात नाही, ती बंगालच्या उपसागरात जाते. मात्र तमिळनाडूला वरच्या शेजाऱ्याकडून येणारे सांडपाणी चांगले ठाऊक आहे. बंगळूर शहर डोंगराच्या पाठीवर वसले आहे. कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून आणि अर्धा किलोमीटर उंचीवर चढवून तेथे आणले जाते. पण वापरून झाल्यावर त्यातले बरेचसे कावेरीत परतत नाही. शहराचा फक्त एक तृतीयांश भाग कावेरीच्या खोऱ्यात आहे असे कावेरी लवादाने धरले होते. पूर्वेकडला मोठा भाग बेळ्ळंदूर आणि वर्तूर या तलावांतून दक्षिण पिनाकिनीकडे उतरतो, आणि ही पिनाकिनी तमिळ मुलखात शिरताच तेन्पेण्णै होते. बेळ्ळंदूरच्या पृष्ठभागावर २०१७ च्या फेब्रुवारीत व पुन्हा २०१८ च्या जानेवारीत आग लागली. साबणाच्या फेसाचे डोंगर रस्त्यावर उडून आले. आणि तोच फेस होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणाच्या दारांतून बाहेर पडून कृष्णगिरी जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या शेतापर्यंत पोचला. तमिळनाडूने २०१५ साली कर्नाटकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात फिर्याद लावली ती पाणी कमी मिळाल्याची नव्हती. कावेरी आणि तेन्पेण्णै या नद्यांत घाण सोडल्याची ती होती.

पुढे प्रकरणाला एक विलक्षण वळण लागले. कर्नाटकाने बंगळूरच्या कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातील सांडपाणी दुय्यम शुद्धीकरण करून, रोज ४४० दशलक्ष लिटर, कोलार जिल्ह्यातील कोरड्या तलावांत भरण्याची योजना केली आणि २०१८ च्या जूनमध्ये ती सुरू केली. सोन्याच्या खाणी बंद पडून कंगाल झालेल्या, हजार-दीड हजार फूट खोल कूपनलिका खणून थकलेल्या त्या जिल्ह्याला हे पाणी म्हणजे देणगीच. तरी आरंभीच एका तलावात फेस दिसताच उच्च न्यायालयात आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली, आणि काही काळ योजना थांबली. आता तमिळ शेतकऱ्याच्या जागी बसून विचार करा: फेसाळ पाणी खाली आले तर तो अपराध, आणि तेच पाणी शुद्ध करून वरच अडवून घेतले तर नदीतला ओघ कमी झाल्याची तक्रार, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. याच तेन्पेण्णैच्या मार्कंडेय उपनदीवरील धरणाविषयी तमिळनाडूने म्हैसूर संस्थान व मद्रास इलाखा यांच्यातल्या १८९२ च्या करारनाम्याचा आधार घेतला, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी नाकारून लवादाचा मार्ग दाखविला. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदात बंधारे आणि तलाव यांचा विचार होता. साबणाचा विचार कोण कशाला करील?

घाणीवर करार होऊ शकतो की नाही, याचे सर्वांत बोलके उत्तर भूमध्य समुद्रातील सायप्रस बेटावर मिळते. १९७४ साली त्या बेटाची ग्रीक आणि तुर्क अशी फाळणी झाली आणि राजधानी निकोसियाच्या मधोमध काटेरी तारांची, संयुक्त राष्ट्रांच्या पहाऱ्याची पट्टी पडली. फाळणीपूर्वीच शहरासाठी भुयारी गटारांची योजना जागतिक बँकेच्या कर्जाने आखली गेली होती. नळांचे जाळे बहुतांशी ग्रीक दक्षिणेत, आणि शुद्धीकरणाची जागा, उतार तिकडे असल्यामुळे, तुर्क उत्तरेतील मिआ मिलिआ गावी. नळ पुरलेले, पण त्यांतून पाणी सोडता येईना. ग्रीक बाजूचे नगराध्यक्ष लेलोस दिमित्रियादिस आणि तुर्क बाजूचे मुस्तफा अकिंजी यांनी १९७८ साली संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने भेट घेतली. एकमेकांच्या सरकारांना मान्यता नसल्यामुळे एकमेकांची पदनामे कागदावर लिहिणे हेसुद्धा राजकीय संकट होते. तरी त्यांनी गटारे जोडण्याचे ठरविले, आणि १९८० मध्ये दक्षिणेचे सांडपाणी सैनिकी रेषेखालून उत्तरेत वाहू लागले. हेच दोघे पुढे संपूर्ण शहराच्या एकत्र विकास आराखड्यालाही हात घालू शकले. २०१३-१४ मध्ये त्याच जागी रोज तीस दशलक्ष लिटर क्षमतेचे नवे केंद्र उभे राहिले, खर्च दक्षिणेच्या सांडपाणी मंडळाने व युरोपीय संघाने वाटून घेतला. बेटावर शांतता मात्र आजही झालेली नाही. अकिंजी २०१५ मध्ये उत्तरेचे अध्यक्ष झाले, वाटाघाटी केल्या, त्या फिसकटल्या. गटार चालूच राहिले. राजकीय समेटाची वाट न पाहता होऊ शकतील अशी कामे थोडी असतात, आणि हे त्यांतले एक, कारण येथे हट्ट धरणाऱ्याच्या घरातच मोरी तुंबते.

इस्रायल आणि पॅलेस्टाईनच्या सरहद्दीवरही तुलकर्म नगरपालिका आणि एमेक हेफेर प्रादेशिक परिषद यांनी १९९६ मध्ये आपल्यामधून वाहणाऱ्या नदीच्या घाणीवर असाच समझोता केला. पण तेथे पुढे इस्रायल सरकार सरहद्दीपलीकडून आलेले सांडपाणी शुद्ध करून त्याचा खर्च पॅलेस्टिनी करांच्या रकमेतून परस्पर वळता करून घेऊ लागले. बळकट शेजारी खालच्या टोकाला असला, की सहकार्याची जागा वसुली घेते.

निकोसियाचा दाखला इकडे लावण्यात अडचण अशी की तेथे दोन पक्ष सारखेच अडकलेले होते. तेन्पेण्णैवर तसे नाही. वरच्याला घाण टोचत नाही. चेन्नईने, आपल्या हद्दीत का होईना, याला जे उत्तर शोधले ते तत्त्वज्ञानापेक्षा बाजाराच्या जवळचे आहे, आणि तेथील जुना संघर्ष लक्षात घेतल्याशिवाय ते समजत नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने आरणियार-कोसस्थलैयार खोऱ्यात तामरैपाक्कम, पंजेट्टी, मिंजूर येथे भूजलाचे साठे सापडले. शहराने आणि मणलीच्या नव्या कारखान्यांनी त्या खेड्यांतून एवढे पाणी उपसले की मिंजूरकडे समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून काही किलोमीटर आत शिरले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत मेट्रो वॉटर हे शहराचे पाणीपुरवठा मंडळ शेतकऱ्यांच्या विहिरी भाड्याने घेऊ लागले. ज्याची विहीर खोल त्याला पैसा मिळाला, त्याच्या शेजाऱ्याची विहीर आटली, आणि खेड्याखेड्यांत पाण्याच्या लॉरी अडविण्याचे प्रसंग झाले. शहर आणि त्याला पोसणारी खेडी यांच्यातले हे भांडण राज्याराज्यांच्या भांडणापेक्षा कमी कडवे नाही; फक्त त्याला लवाद मिळत नाही.

या भांडणाला पहिला उतारा सांडपाण्यात सापडला. १९९० च्या दशकाच्या आरंभी मणलीचा तेलशुद्धीकरण कारखाना आणि तेथील खतकारखाना कोडुंगैयूरच्या केंद्रातून दुय्यम शुद्ध केलेले पाणी विकत घेऊ लागले व आपल्या आवारात उलट परासरणाने, म्हणजे मोठ्या दाबाखाली क्षार न जाऊ देणाऱ्या पडद्यातून गाळून, ते यंत्रांना योग्य करू लागले. कारखान्यांना हे पाणी परवडले, कारण दुष्काळात ते बंद पडत नाही. माणसे स्नान करीत आहेत तोवर त्याचा पुरवठा चालू. २०१९ चा उन्हाळा शहराला अक्षरशः कोरडा करून गेला, जोलारपेटहून आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मंडळाने कोडुंगैयूर व कोयंबेडू येथे प्रत्येकी ४५ दशलक्ष लिटरची तृतीय शुद्धीकरण केंद्रे सुरू केली. कोडुंगैयूरचे पाणी मणलीला, कोयंबेडूचे लांब नळाने इरुंगाट्टुकोट्टै, श्रीपेरुंबुदूर व ओरगडम येथील मोटारी आणि यंत्रे बनविणाऱ्या वसाहतींना जाते, आणि तेवढे गोडे पाणी चेंबरंबाक्कम व खेड्यांतल्या विहिरींवरून सुटते. घाणीला किंमत आली की तिच्यासाठी मालक उभा राहतो, मोजमाप सुरू होते, नळ फुटला तर कोणाचा तरी दूरध्वनी वाजतो. कृष्णेच्या कालव्यावर बारा अब्ज घनफुटांचा हिशेब मागणारे सरकार जे मिळवू शकले नाही, ती शिस्त येथे साध्या खरेदीखताने आणली.

मात्र उलट परासरणाच्या पडद्यातून शुद्ध पाणी निघते तेव्हा मागे उरलेले क्षार आणि मळ काही नाहीसे होत नाहीत. ते अधिक दाट होऊन कोठेतरी सोडावेच लागतात. कोडुंगैयूर-मणलीच्या बाजूचा उतार बकिंगहॅम कालव्याकडे आणि तेथून कोसस्थलैयारच्या मुखावरील एण्णूरच्या खाडीकडे आहे. औष्णिक वीजकेंद्रांची राख या खाडीत साठत आली, आणि २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग वादळाच्या पुरात मणलीच्या बाजूने आलेले तेल तिच्या पाण्यावर आणि मासेमारांच्या होड्यांवर पसरले. खाडीकाठची मासेमार गावे आपापसांतल्या मासेमारीच्या जागा वाटण्याचे नियम पिढ्यान्‌पिढ्या पंचायतीत ठरवीत आलेली आहेत, उत्तरेकडच्या पुलिकत सरोवरात तर जाळे कोणी कोणत्या जागी टाकावे हे चिठ्ठ्या टाकून ठरते. कारखाने आणि मंडळ यांच्यातल्या सांडपाण्याच्या करारनाम्यावर मात्र या गावांची सही नाही. खरेदी-विक्रीच्या कागदावर दोनच पक्ष असतात, आणि तिसरा, जो सर्वांत खालच्या उतारावर बसलेला आहे, तो या व्यवहारात ना विकणारा आहे, ना घेणारा.